नांदेडचं धान, घड्याळाचं नाव

(जुलैची सकाळ. पाण्यानं भरलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत येणारी पावलं.)

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत नागभीड तालुक्यातून जा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्याच बांध्या. चिखलात वाकलेल्या बाया, धुऱ्यावर ठेवलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या. आमच्याकडं भात ताटात असतो, शेतात असतं ते धान.

याच तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. गोदावरीकाठचं शहर नव्हे, हे चंद्रपूर जिल्ह्यातलं, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतलं नांदेड. इथं दादाजी रामाजी खोब्रागडे राहत होते. शिक्षण तिसरीपर्यंत. शेत दीड एकर. आणि एवढ्याशा शेतातून त्यांनी धानाची नऊ नवी वाणं काढली.

(पिकलेलं धान. कॅमेरा एका लोंबीवर थांबतो.)

साल 1983. तेव्हा या भागात ‘पटेल 3’ या वाणाचा जोर होता. दादाजींच्या बांधीतही तेच होतं. धान पिकत आलेलं असताना त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंगानं पिवळसर, दाणा बाकीच्यांहून निराळा.

इथं जरा थांबू या. कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याचं मन कुठं असतं? मजूर मिळेल का, पाऊस येईल का, कापलेल्या धानाचं पुंजणं कधी रचून होईल. हाताखालून हजारो लोंब्या जातात. त्यातल्या तीन वेगळ्या आहेत हे दिसायला डोळा लागतो, आणि त्या बाकीच्या धानात न मिसळता बाजूला ठेवायला त्याहून मोठं काहीतरी लागतं. दादाजींनी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या.

पुढच्या खरिपात ते दाणे त्यांनी शेताच्या मधोमध वेगळे लावले आणि भोवती काटेरी झुडपांचं कुंपण केलं. रानडुकरांचा भरवसा नव्हता. एका रात्रीत सगळं संपलं असतं, कारण दुसरीकडं कुठंच त्याचं बी नव्हतं.

धान हे स्वपरागी पीक. फूल सकाळी थोडा वेळ उमलतं आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं. त्यामुळं वेगळेपण एकदा आलं की ते टिकवता येतं. पण ते आपोआप टिकत नाही. पहिल्या काही पिढ्यांत झाडं सारखी निघत नाहीत. कुणी उंच, कुणी बुटकं, कुणाचा दाणा जाड. नको ती काढायची, हवी त्यांचंच बी धरायचं, आणि हे दरवर्षी. प्रयोगाला वर्षातून एकच संधी, खरिपाची. चुकलं तर पुन्हा पुढच्या मृगाची वाट. असे हंगामामागून हंगाम गेले.

बारीक दाणा, चांगला वास, शिजल्यावर मऊ मोकळा भात. राइस मिलवाल्याच्या दृष्टीनं आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे उतारा जास्त, तेवढ्याच धानातून तांदूळ जास्त. बी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं गेलं, धान जवळच्या तळोधीच्या बाजारात पोचलं.

(जुनं मनगटी घड्याळ. काट्यांचा आवाज.)

बाजारात आलेल्या मालाला नाव लागतं. या धानाला नावच नव्हतं. त्या काळात एचएमटीच्या घड्याळाची शान होती. लग्नात जावयाला ते मिळालं की गावभर चर्चा व्हायची. तळोधीच्या व्यापाऱ्यानं तेच नाव या धानाला दिलं. 1990 च्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हापासून ते एचएमटी.

लहानपणी आमच्या घरी पाहुणे येणार असले की आई म्हणायची, आज एचएमटी टाकते. मला ते कुठल्यातरी कंपनीचं नाव वाटायचं. पन्नास-साठ किलोमीटरवरच्या एका माणसानं ते काढलंय, हे मला कुणी सांगितलं नाही. शाळेच्या पुस्तकातही नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

1994 मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं दादाजींकडून प्रयोगासाठी 5 किलो बियाणं नेलं. 1998 मध्ये, हे केंद्र ज्याचं त्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. पीकेव्ही म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही शुद्धीकरण करून, म्हणजे वेगळी निघणारी झाडं काढून टाकत, ते सुधारलं. दादाजींचं म्हणणं, मूळ शोध माझा, माझं नाव कुठं आहे? माझ्या मते त्यांचा प्रश्न रास्त होता. शुद्धीकरण हे कामच आहे, पण ज्या तीन लोंब्यांपासून सगळं सुरू झालं त्या कुणी पाहिल्या, हे नोंदवायला एक ओळ पुरली असती.

यंत्र शोधणाऱ्याला एक सोय असते. यंत्राची नक्कल करायला कारखाना लागतो. बियाणं स्वतःच स्वतःची नक्कल करतं. शेजाऱ्याला पायलीभर दिलं की पुढच्या वर्षी त्याच्या धान साठवायच्या ढोलीतही तेच. शेतकऱ्याला स्वतःचं वाण आपल्या नावावर नोंदवता येईल असा कायदा संसदेनं 2001 मध्ये केला. तोवर एचएमटी गावोगाव, राज्याबाहेरही पसरलं होतं.

दादाजी मात्र त्यावर थांबले नाहीत. नांदेड 92, नांदेड हिरा, विजय नांदेड, नांदेड चिन्नोर. वाणामागून वाण, आणि नावात बहुधा गाव. एका वाणाला डीआरके हे नाव आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे. यावेळी घड्याळ नाही, स्वतःची अक्षरं.

(सभागृह. टाळ्या.)

2005 मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. 2010 मध्ये फोर्ब्स मासिकानं भारतातल्या सात प्रभावी ग्रामीण उद्योजकांत त्यांचं नाव घेतलं. मग नांदेडला गाड्या येऊ लागल्या, कॅमेरे येऊ लागले. घरातली ओढाताण त्यानं संपली नाही. ज्या धानावर व्यापारी, मिलवाले, बियाणंवाले उभे राहिले, त्या धानाच्या पैशातला वाटा मूळ माणसाकडं फारसा आलाच नाही.

अखेरच्या दिवसांत ते आजारी होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या डॉ. बंग दांपत्याच्या शोधग्राम इथल्या दवाखान्यात उपचार सुरू होते. 3 जून 2018 ला दादाजी गेले.

(ढग भरून आलेलं आभाळ. रिकामी, नांगरलेली बांधी.)

मृगाला चार-पाच दिवस बाकी होते. गावोगाव बांध्या नांगरून तयार होत्या आणि ढोलीतलं बियाणं बाहेर काढायची वेळ झाली होती. मूठभर हातात घ्यायचं, फुंकर मारायची, पोचट उडून जातं, भरलेला दाणा तळहातावर राहतो. मग पहिल्या पावसाची वाट बघत पऱ्हे टाकायचे.