शेरेबुकातली एक ओळ

(बालवाडी व अंगणवाडी ताईंच्या मेळाव्यातील व्याख्यान, थोडे संपादित करून)

माइक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? मान हलवताय, म्हणजे एक तर ऐकू येतंय, नाही तर सवय आहे. पर्यवेक्षिका बोलायला लागली की मान हलवायची, हे तुम्ही आमच्यामुळेच शिकलात.

फलकावर विषय लिहिलाय, ‘बालशिक्षिकेची व्यावसायिक भूमिका व जबाबदाऱ्या’. वेळ पाऊण तास होता. त्यातली वीस मिनिटं सत्कार आणि शाल-श्रीफळात गेली, त्यामुळे भूमिका तेवढी होईल, जबाबदाऱ्या तुमच्याकडे आहेतच.

आधी एक जुनं भांडण उकरते. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा आपलं नाव पडलं ‘सेविका’. शिक्षिका नाही. सेविकेला पगार नसतो, मानधन असतं. पगाराची तारीख असते, मानधनाची वाट असते. (टाळ्या) टाळ्या नकोत, वेळ जातो. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे. म्हणजे कोर्टाला तुमचं काम नोकरीसारखं दिसलं. ते गावाला कधी दिसणार? शेजारीण अजून म्हणतेच ना, ‘तुमचं बरंय बाई, पोरं सांभाळायची नि खिचडी वाटायची’!

आता मला जी गोष्ट सांगायचीये ती सांगते. ती माझ्याच चुकीची आहे.

मी पर्यवेक्षिका होऊन वर्षही झालं नव्हतं. हातात नवी पर्स, पर्समध्ये लाल पेन. एका गावची अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात भरायची. दिवाळी होऊन गेलेली. मी गेले तर आत गाणं चाललेलं आणि बाहेर पायरीवर एक चारेक वर्षांचा मुलगा, पाठीवर दप्तर तसंच, चपलांच्या ढिगात बसलेला. मी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं, ‘एक लाभार्थी वर्गाबाहेर चपलांशी खेळताना आढळला. सेविकेचे लक्ष नाही.’ ताईंनी वाचलं, काही न बोलता सही केली. मला वाटलं, बघा, कशी गप्प झाली!

पुढच्या महिन्यात गेले तर तो मुलगा आत, गोलात. दप्तर खुंटीला. मी विचारलं, ‘रागावलात वाटतं त्याला?’ ताई म्हणाल्या, ‘नाही हो बाई.’ आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं. आपण दुधाचा हिशेब लिहितो ना चौकटीत, तसं बारीक अक्षरात लिहिलेलं. सोमवार: दारात. मंगळवार: दारात, दप्तर काढलं नाही. बुधवार: आजीकडे जाऊन आले, आईबाप ऊसतोडीला गेलेत. गुरुवार: दारात. शुक्रवार: चपला जोडीनं लावल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी: ‘मावशीची मोठ्ठी’ म्हणाला. मावशी म्हणजे मदतनीस, मोठ्ठी म्हणजे तिची चप्पल. त्या ‘म्हणाला’खाली दोन रेघा. दहा दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं त्यानं.

मी म्हटलं, पण चपलाच का? ताई म्हणाल्या, ‘बाई, आईबाप पहाटे गेले तेव्हा हा झोपेत होता. उठला तर दारात आईची चप्पल नाही. आता चपला दारात आहेत तोवर माणसं आत आहेत, एवढंच त्याला कळतं. म्हणून राखत बसायचा. मी म्हटलं, राख बाबा, पण जरा नीट लाव.’

बघा काय केलं या बाईनं. त्याला आत ओढला नाही. गृहभेट केली, कारण शोधलं. तो जे करत होता त्यातूनच जोड्या लावणं, लहान-मोठं, क्रम, सगळी गणनपूर्व तयारी करून घेतली. आज ‘आकार’ या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणात आपण हेच शिकवतो, फक्त तक्ते लावून. आणि मी काय लिहिलं? ‘लक्ष नाही’. ती ओळ मी खोडलीही नाही हो. साहेबांच्या नजरेला पडेल म्हणून घाबरले. आधी ती बाई गप्प होती, आता मी.

बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तरी काय केलं? 1945 मध्ये ताराबाईंनी डहाणूजवळ बोर्डीला काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी उठून त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. मूल दारात अडलं तर शिक्षिकेनं दारापर्यंत जायचं. अनुताईंचं आणखी एक सांगण्यासारखं...

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ बरं. भूमिका आणि जबाबदाऱ्या, पळत पळत.

नोंद. मुलाकडे बघणं आणि लिहून ठेवणं हे तुमचं मुख्य काम. आपल्या नोंदवह्या अकरा झाल्या, 2021 पासून मोबाईलवर पोषण ट्रॅकर आला. त्यात वजन-उंची भरायचीच. दंडघेर, म्हणजे कुपोषण ओळखायचं दंडाचं माप, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर ते मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्राला दाखवायचं, तिथे हयगय नको. पण ‘दहा दिवसांनी बोलला’ याला मोबाईलमध्ये रकाना नाही. त्याला वही तुमची.

पालक. ‘ताई, पाटी भरून का नाही पाठवली?’ त्यांना शांतपणे सांगा, तीन वर्षांच्या पोराच्या मनगटातली बरीचशी हाडं अजून कूर्चाच असतात. त्याला माती मळू दे, मणी ओवू दे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, तेव्हा अक्षरं कुठे पळून जात नाहीत. खासगी नर्सरीतल्या ताईंनो, तुम्हाला हे संस्थाचालकांनाही सांगावं लागेल, ते जास्त अवघड आहे.

सुरक्षा. मूल कोणाच्या हातात देता ते बघा. अत्याचाराची शंका आली तर गावातल्या मोठ्यांना विचारून मिटवामिटव करायची नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, 2012 चा आहे, त्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर दारामागे लिहून ठेवा. यावर खरं तर अर्धा दिवस बोलायला हवं.

मदतनीस. तिला ‘ए’ म्हणू नका. मूल पहिल्यांदा बोललं ते तिच्या चपलेबद्दल.

दुसरी चिठ्ठी, चहा आलाय. ते कॅलेंडरचं पान मी ताईंकडून नंतर मागून घेतलं होतं, आज आणलंय. पहिल्या रांगेपासून मागे पाठवते. कप खाली ठेवून बघा, आणि घडीवर जरा जपून धरा, तिथे फाटलंय.