फाइल घरी ठेवून या

(कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका महिला मंडळात दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

पत्रिकेत विषय छापलाय 'कौटुंबिक समुपदेशनाला जाण्यापूर्वीची तयारी'. तयारीकडं मी येणारच आहे. पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या, कारण घरी ती आता कुणी ऐकत नाही.

माणसं आम्हा समुपदेशकांकडं भरपूर तयारी करून येतात, आणि तीच खरी अडचण आहे. एका जोडप्याचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. येणार होते नवरा-बायको. दार उघडलं तर बाहेर चपलांचा ढीग. त्याच्याकडून आई, आत्या आणि मामा. तिच्याकडून वडील, दोघं भाऊ आणि तिचेही मामा. दोन मामा समोरासमोर बसले की काय होतं, ते कोल्हापूरकरांना मी काय सांगायचं? त्याचे मामा म्हणाले, "बाई, आमचं काय म्हणणं नाही." असं म्हणणारा माणूस पाऊण तास बोलतो. तेही बोलले.

मग नवऱ्यानं पिशवीतनं फाइल काढली. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, रंगीत प्रिंट, वर स्पायरल बाइंडिंग. तिची वाक्यं हिरव्या मार्करनं, स्वतःची पिवळ्या. तीन वर्षांचं भांडण, तारीखवार. तीही रिकाम्या हातानं आली नव्हती. तिच्या वहीत सासूबाई कुठल्या सणाला काय बोलल्या ते होतं, नणंदेची साडी आणि हिची साडी यांच्या किमतीसुद्धा होत्या. मी दोन्ही चाळून बघितलं. बहुतेक भांडणं रविवारी रात्री पेटलेली. का? तर रविवारी दुपारी फुलेवाडीला, त्याच्या आईकडं जेवण. तिथं तांबडा-पांढरा, हसणं-खिदळणं, सगळं गोडीत. परतताना गाडीवर दोघंही गप्प. आणि रात्री पोराचं दप्तर भरताना, कंपासपेटी सापडत नाही एवढ्यावरनं ठिणगी. एवढ्या जाड फाइलीत 'रविवार' हा शब्द कुठंच नव्हता! मी मामांना विचारलं, "रविवारी तिथं काय होतं?" ते म्हणाले, "काय व्हायचंय? मटण होतंय." (हशा)

हसा, पण माझी तक्रार लक्षात घ्या. लोक आमच्याकडं निकाल मागायला येतात. आपण खासबागेच्या कुस्ती मैदानावर वाढलेली माणसं, जोड लागली की कुणाची पाठ लागली ते कळल्याशिवाय उठायचं नाही. समुपदेशक काही पंच नसतो. फाइल ही निकालाची तयारी झाली. ती फेकू नका, कोर्टात गेलात तर वकिलाला लागेल. माझ्याकडं आणू नका, एवढंच.

कोर्टावरनं आठवलं. हायकोर्टाच्या खंडपीठासाठी आपल्या वकिलांनी कित्येक दशकं लढा दिला, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच आलं. आनंदच आहे. पण आलंय म्हणून घरटी एक केस घातलीच पाहिजे असं नाही. खुद्द १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा सांगतो, आधी समेटाचा प्रयत्न करा. कलम ९ वाचा. कलम १३ प्रमाणे तिथं वकील उभा करणं हा पक्षकाराचा हक्कसुद्धा नाही. पण आपल्याकडं बहुतेकांना समुपदेशक पहिल्यांदा भेटतो तोच कोर्टात, नोटिशी गेल्यावर, दागिन्यांच्या याद्या झाल्यावर. तोवर दोघांचीही वाक्यं पाठ झालेली असतात.

सचिवबाईंनी चिठ्ठी दिलीय, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत पळत.

पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. घरात मारहाण असेल, जिवाची भीती असेल, तर जोडीनं समुपदेशन नको. समोर बसून ती खरं बोलली, तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. आधी सुरक्षितता. तातडीच्या मदतीला ११२ नंबर आहे, महिलांसाठी १८१ आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला, त्या गावात "दोन लावल्या, त्यात काय एवढं" हे मी अजून ऐकते.

बाकीच्यांनी आधी फोनवर विचारून घ्या. शिक्षण काय, फी किती, वेळ किती (साधारण पाऊण तास ते तास धरा), दोघांना वेगवेगळं भेटणार का. आणि एक प्रश्न कुणीच विचारत नाही : एकट्यानं सांगितलेलं गुपित तुम्ही दुसऱ्यापासून राखणार की नाही? प्रत्येकाची रीत वेगळी असते, आधी कळलेलं बरं. झोप उडालीय, औषधं चालू आहेत, दारू आहे, हे लपवू नका. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवता येतं.

घरून आणायचं ते एवढंच. एक ताजं, छोटं भांडण. आधी तो काय बोलला, मग मी काय केलं, मग तो काय म्हणाला, या क्रमानं. आणि आजी-आजोबांपर्यंतची माहिती : कोण कुणाशी अबोला धरून आहे, जमिनीवरनं कोण तुटलं, कोण घर सोडून गेलं. मरे बोवेन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं तीन पिढ्या कागदावर मांडून बघायची रीत रुळवली, आम्ही अजून तेच करतो. ही माहिती आत्यांकडं असते. आत्यांना विचारा, बरोबर आणू नका.

काय बदलायला हवं ते ठरवून या. "तिनं सुधारावं" हे चालत नाही. "रविवारी रात्री पोरगं न रडता झोपावं" हे चालतं. मुलांना पढवू नका. आणि बाहेर पडल्यावर रिक्षातच "बघ, त्यासुद्धा हेच म्हणाल्या" सुरू करू नका.

नवरा येत नसेल तर एकट्या या, त्यानंही फरक पडतो. रात्री-अपरात्री फारच जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लक्षात ठेवा, पैसे पडत नाहीत.

पुढच्या रांगेतल्या काकूंची चिठ्ठी आहे, "सुनेला न सांगता आले तर चालेल का?" चालेल की. पण काकू, मग मी सुनेबद्दल कमी आणि तुमच्याबद्दल जास्त विचारणार.