भलत्या जागची चरबीची गाठ

नमस्कार श्रोतेहो. चरबीची गाठ अंगावर असलेलं कुणीतरी आपल्या ओळखीत बहुधा असतंच. वडिलांच्या पाठीवर, काकांच्या मानेवर, आत्याच्या दंडावर. दाबली की मऊ लागते, बोटाखाली सरकते, सहसा दुखत नाही. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. ती कर्करोग नव्हे. आज बोलायचंय ते ही गाठ भलत्या जागी होते त्याबद्दल.

भलत्या जागा म्हणजे जीभ, गालाची आतली बाजू, अन्ननलिका, आतडं, पाठीचा कणा, क्वचित हृदयसुद्धा. आतड्यातली गाठ मोठी झाली तर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात ओढला जाऊन वाट बंद होऊ शकते. म्हणजे गाठ साधी, पण जागा साधी नाही. पुन्हा सांगतो, गाठ साधी असली तरी जागा साधी नसते.

हर्णैच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "डाक्टर, सुरमई कापताना सुरी हातातनं सुटते. रात्री मुंग्यांनी झोप लागत नाही." बर्फात हात घालून बधिर झाले असतील, असं सगळ्यांनी सांगितलेलं. कुणीतरी दिलेलं मलम त्या रोज चोळत होत्या. (गाठीवर मलम चोळायची ही सवय आपण सोडायला हवी. फायदा शून्य, आणि दाखवायला उशीर होतो तो वेगळाच.)

मावशींना डोळे मिटायला सांगितलं आणि उजव्या हाताच्या एकेका बोटाला कापूस लावत गेलो. अंगठ्याला कळेना. तर्जनीला कळेना. मधल्या बोटाला कळेना. करंगळीला लावताच म्हणाल्या, "हां, इथं लागलं." आता मला सांगा, बर्फ करंगळी तेवढी सोडून बाकीची बोटं धरेल का? या तीन बोटांची जाणीव मनगटातून येणाऱ्या एका नसेवर असते. तिच्यावर काहीतरी दाब होता. तळहात चाचपला तर अंगठ्याच्या बुडाशी थोडा भरीवपणा. तळहाताची कातडी जाड आणि खाली घट्ट बांधलेली, त्यामुळे तिथली गाठ वर येत नाही, सरकतही नाही. एमआरआय केला, त्यात चरबीच दिसली, नसेला खेटून बसलेली.

हात बधिर करून शस्त्रक्रिया झाली. मावशी जाग्या होत्या. नस पांढरी, तिच्याखाली पिवळी गाठ, सुपारीपेक्षा जरा मोठी. नसेला धक्का न लावता हळूहळू सोडवून काढली आणि फॉर्मालिनच्या, म्हणजे गाठ नासू नये म्हणून वापरतात त्या औषधी पाण्याच्या बाटलीत टाकली, तर ती बुडेचना, वर तरंगत राहिली. चरबी हलकी, म्हणून. मावशी बाटलीकडे बघत म्हणाल्या, "एवढीशी, आणि माझा धंदा बसवला हिनं!" मुंग्या लवकर गेल्या, बोटांची जाणीव सावकाश परतली. त्या पुन्हा लिलावाला उभ्या राहू लागल्या.

लिलावाचं निघालं म्हणून सांगतो. या बायका भर उन्हात, ओल्या वाळूत तासन् तास असतात. प्रत्येक बंदरावर त्यांना सावली आणि प्यायचं गोडं पाणी मिळालंच पाहिजे. हे मी संधी मिळेल तिथे बोलत राहणार.

आता दाखवायची कधी? पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल बसलेली, भराभर वाढणारी, कडक, दुखणारी, काढल्यावर पुन्हा आलेली, किंवा मुंग्या आणणारी गाठ असेल तर लगेच. मोठी, खोल, वाढती, कडक, दुखरी: घरात कुणाला असेल तर आजच बोला. आणि मोबाइलवर फोटो पाठवून निदान मागू नका. गाठ हाताने चाचपावी लागते.

मावशींच्या सुनेने विचारलं होतं, "चरबीच आहे म्हणता, मग तपासणीला कशाला पाठवायची?" कारण चरबीचा कर्करोगही असतो. तो दुर्मीळ आहे, पण नुसत्या डोळ्यांना फसवू शकतो. गाठ काढली की तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेलाच पाहिजे, आणि तो रिपोर्ट तुम्ही स्वतः जाऊन आणला पाहिजे. मावशींचा रिपोर्ट साध्या चरबीच्या गाठीचाच आला.