रेडिओची खरखर आणि वारावावधान

(गावच्या वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, थोड्या संपादनासह)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले सगळे,

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘तंत्रज्ञान आणि ग्रामजीवन’ असं छापलं आहे. ते मला झेपणारं नाही. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस, आणि हंगामात नाटकांना साऊंड देणारा. दुकानाच्या काउंटरमागून जेवढं दिसतं तेवढंच बोलेन. वारावावधान (म्हणजे वादळवारा), यंत्रं आणि आपली करमणूक या तीन गोष्टी तिथून रोज दिसतात, आणि त्या एकमेकींत चांगल्याच अडकलेल्या आहेत. शेवटी एक मागणीही करणार आहे. सरपंच बसलेत समोर, ते बरंच झालं.

सध्या एप्रिल चालू आहे. दुपारी असं तापतं की ब्रह्मपुरीचा पारा बातम्यांत येतो. वायव्येकडून कोरडा, भाजलेला वारा येतो आणि बंगालच्या उपसागराकडून दमट हवा येते. जमीन तापली की ती दमट हवा उसळून वर जाते. ढग चढत चढत बारा-पंधरा किलोमीटर उंच होतो. एवढ्या उंचीवर उन्हाळ्यातसुद्धा बर्फच असतो. बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटत राहतात, आणि त्या घासाघाशीतून ढगात वीज साठते. मग त्याच ढगातून गार हवा खाली कोसळते. पाऊस यायच्या आधी जो थंडगार झोत येतो आणि अंगणात वाळत टाकलेली मोहफुलं शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतो, तो हाच. म्हातारी माणसं म्हणतात, ‘‘अगा, पानी येते वाटते, टिना बांधा.’’ टिना म्हणजे छपराचे पत्रे. त्यांना उपसागर माहीत नसेल, पण पश्चिमेकडचं आभाळ काळंनिळं झालं की पुढची पंधरा मिनिटं कशी जाणार ते बरोबर माहीत असतं.

हे सगळं बहुतेक दुपारी तीन ते संध्याकाळी सात या वेळात घडतं. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वादळात यंत्रं कुठल्या क्रमाने मरतात ते सांगतो. तो क्रम जवळजवळ ठरलेला आहे.

पहिल्यांदा छत्री जाते. घरावरची डिशची छत्री हो. अजून एक थेंब पडलेला नसतो, पंखा फिरत असतो, आणि मालिकेत सासू तोंड उघडते तोच चित्राचे चौकोन चौकोन होऊन पडदा निळा पडतो. लोक छत्री हलवतात, वायर काढून फुंकतात, मग मला फोन करतात. छत्री चांगली असते. तिच्याकडे येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या. वाटेत पाण्याने भरलेला जाड ढग आला की थेंबच त्या लहरी खाऊन टाकतात. ढग सरकला की सासू परत बोलायला लागते. त्यामुळे पाऊस चालू असताना छत्रीचे स्क्रू पिळायला छपरावर चढू नका. एक तर दिशा बिघडते, दुसरं म्हणजे अशा वेळी छपरावर लोखंडाला धरून उभं राहण्यासारखा वेडेपणा नाही.

मग लाईन जाते. कुठेतरी फांदी तारेवर टेकते, तारेला तार लागते, डीपीवरचा फ्यूज उडतो. इथपर्यंत ठीक आहे, फ्यूज उडायलाच बसवलेला असतो. खरी बोंब पुढे होते. खांब आडवा झाला की वायरमनची वाट बघायची, आणि त्या बिचाऱ्याकडे इतकी गावं दिलेली असतात की आपला नंबर लागेपर्यंत फ्रीजमधलं दूध फाटतं आणि पिठाची गिरणी बंद पडून भाकरी महाग होते. मी वायरमनला दोष देत नाही. पावसात खांबावर चढणाऱ्या माणसाला दोष देणं सोपं आहे, आणि आपण ते फार करतो.

तिसरा नंबर मोबाइलचा. लाईन गेली तरी टॉवर बॅटरीवर काही वेळ जगतो. बॅटरी उतरली की तोही जातो. म्हणजे ज्या यंत्रावर आपण बातमी, निरोप, गाणी, नाटकाच्या तारखा, पीकविमा, सगळंच नेऊन ठेवलं, ते वादळ लांबलं की हातात नुसता टॉर्च म्हणून उरतं.

आणि शेवटी उरतो रेडिओ. साधा, सेलवर चालणारा, मीडियम वेव्हचा. या म्हाताऱ्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, माझा तो लाडका आहे.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. ५८५ किलोहर्ट्झवर ते आपल्याकडे स्वच्छ लागायचं. संध्याकाळी शेतकऱ्यांचे कार्यक्रम, भावगीतं, बाजारभाव. रेडिओ गोठ्याच्या खुंटीला टांगलेला, खाली बैल कुटार खातोय आणि मालक बिडी ओढत ऐकतोय, हे दृश्य आमच्या पिढीने घरोघरी पाहिलं. त्या रेडिओची एक गंमत होती. आभाळात वीज चमकली की गाण्यात ‘कर्र’ असा आवाज यायचा. वीज ही मोठी ठिणगीच असते, आणि ठिणगी पडली की रेडिओलहरी चहूकडे जातात. मीडियम वेव्हचा रेडिओ लहरीची उंची मोजून आवाज काढतो, म्हणून ठिणगीचा धक्काही तो इमानदारीने ऐकवतो. एफएमची पद्धत वेगळी. तिथे उंचीचा फरक छाटून टाकतात. म्हणून एफएमवर गाणं स्वच्छ लागतं आणि विजेची खबर मिळत नाही.

हे तुम्ही घरी करून बघू शकता. मीडियम वेव्ह लावा, काटा डावीकडे ५४०च्या आसपास, जिथे कुठलंच स्टेशन नाही अशा जागी ठेवा. वादळ पार लांब असेल तर अधूनमधून बारीक खरखर येईल. खरखर वाढत गेली, तिची तडतड झाली, दोन आवाजांतलं अंतर कमी होत गेलं, की समजा स्वारी इकडेच येते आहे. आकाश अजून निळं असतं तेव्हाही हे ऐकू येतं. आमच्याकडचे कितीतरी शेतकरी हे विज्ञान न शिकता वापरत. गाण्यात कर्र-कर्र वाढली की बैल सोडायचे. ते वादळाची खबर घ्यायला रेडिओ लावत नव्हते हो. ते गाणी ऐकत होते, आणि खबर गाण्याबरोबर फुकटात येत होती. आज पोरगं म्हशी चारताना कानात इयरफोन घालून गाणं ऐकतं. गाणं अगदी साफ असतं आणि बाहेरचा गडगडाटही ऐकू येत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. मोबाइल वीज ओढून घेत नाही. तो बंद केला म्हणून वीज टळत नाही आणि चालू ठेवला म्हणून पडत नाही. चार्जिंगला लावलेला मोबाइल कानाला लावणं मात्र धोक्याचं, कारण तारेतून झटका घरात येऊ शकतो.

आता हसण्यासारखं नाही असं बोलतो. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, ही सरकारी नोंद आहे. त्यात शहरातल्या पक्क्या घरात बसलेले किती असतील? आपल्याकडे जीव जातात ते धानाच्या रोवणीत. जुलै-ऑगस्टमध्ये बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी भरलेलं, बाया ओळीने वाकलेल्या, पाय चिखलात, हातात पऱ्ह्यांची (धानाच्या रोपांची) जुडी. डोक्यावर प्लास्टिक घेतलेलं, त्यावर पाऊस वाजत असतो, त्यामुळे लांबची गडगड कळत नाही. पाऊस वाढला की सगळ्या पळतात धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली. सपाट बांधीत सर्वांत उंच तेच झाड.

झाडावर वीज पडली की ती बुंध्यातून जमिनीत उतरते आणि चहूबाजूंनी पसरते. बुंध्याजवळ विजेचा दाब जास्त, लांब जाल तसा कमी. तुमचा एक पाय जवळ आणि एक पाय लांब असेल तर त्या दोन पायांमधल्या फरकामुळे वीज एका पायातून वर चढते आणि दुसऱ्यातून उतरते. जनावराचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांत अंतर मोठं, आणि मध्ये काळीज. म्हणून एकाच झाडाखाली माणूस वाचतो आणि बैलजोडी जागेवर बसते. उघड्यावर सापडलात तर दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं ते यासाठी. आडवं पडायचं नाही. वीज दिसल्यावर आकडे मोजायचे: दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगड ऐकू आली तर काम सोडायचं. पण खरं सांगू का, बांधीत वाकलेली बाई आकडे मोजत नाही. मुकादम मजुरी मोजत असतो, ती ओळ संपवायच्या मागे असते. तिला कुणीतरी ओरडून सांगावं लागतं.

सरकारने काही केलं नाही असं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने दामिनी नावाचं ॲप केलं आहे. गेल्या काही मिनिटांत आपल्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत कुठे वीज पडली ते नकाशावर दिसतं, आणि इशारा येतो. चांगली वस्तू आहे, मी वापरतो. पण ती वस्तू खिशात असते, खिसा धुऱ्यावर ठेवलेल्या पिशवीत असतो, आणि पिशवीवर प्लास्टिक असतं. व्हॉट्सॲपवरही इशारे येतात. ते सुप्रभात, वाढदिवस आणि कुणाच्या तरी हरवलेल्या शेळीच्या फोटोखाली दबून जातात. संध्याकाळी जेवताना माणूस वाचतो, ‘पुढील तीन तासांत मेघगर्जनेसह...’ आणि ते तीन तास कधीच होऊन गेलेले असतात.

म्हणून मी नाटकाकडे येतो.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत नाटक. वडसा गावाला नाटक कंपन्यांची कार्यालयं, तिथून तारखा ठरतात. गाडीवर भोंगा बांधून गावोगाव जाहिरात फिरते. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना कळलं की इकडे असं काही चालतं. आपल्याला आधीच माहीत होतं. घरात टीव्ही आहे, हातात मोबाइल आहे, तरी बाया लेकराला पाठीशी बांधून, सोबत चादर घेऊन मैदानात येतात. मला विचाराल तर यंत्रांच्या या सगळ्या गर्दीत आपल्याला मनापासून आवडणारी करमणूक आजही तीच आहे.

आणि तिचा प्राण भोंगा आहे. मी माइक वरून दोरीने टांगतो. वारा सुटला की भोंग्यातून फुर्र-फुर्र येतं, तेव्हा माइकवर रुमाल दुहेरी करून रबराने बांधतो. कंपन्यांचे स्पंजचे टोप मी वापरून पाहिले, रुमालच बरा.

एका फेब्रुवारीत रंगलेल्या नाटकावर अवकाळी आलं. दुसरा अंक, खलनायक भरात, आणि पश्चिमेला चमकायला लागलं. लाईन गेली. माझा ॲम्प्लिफायर बारा व्होल्टच्या बॅटरीवर होता, आवाज चालू राहिला. खलनायकाचं काम करणारे कलावंत त्याच मिशांत, त्याच आवाजात माइकखाली आले आणि म्हणाले, ‘‘मायबाप, झाडाखाली कोणी उभं राहायचं नाही. बायालेकरं शाळेच्या वऱ्हांड्यात. नाटक थांबलंय, बंद झालेलं नाही.’’ सगळं मैदान उठलं आणि शाळेत गेलं. ढकलाढकली नाही, वाद नाही. पोलीसपाटील तेच सांगून घसा बसवून गेले असते तर निम्मे लोक तिथेच चिंचेखाली थांबले असते. माणसाचा कान जिथे आधीच लागलेला आहे, तिथूनच सांगितलेलं त्याला ऐकू येतं. रेडिओचं तेच, भोंग्याचंही तेच.

तेव्हा माझी मागणी. समाजमंदिरावर एक भोंगा बसवा, बॅटरीवर चालणारा. चार्जिंगला सोलर पॅनेल लावा, म्हणजे लाईनशी संबंध नको. जून ते सप्टेंबर दुपारी एक माणूस नेमा. एका हातात दामिनी, दुसऱ्या बाजूला मीडियम वेव्हचा रेडिओ रिकाम्या काट्यावर. दोन्हीकडून कळलं की भोंगा. रोज मात्र त्यावरून गाणी वाजवा, कुणाच्या घरी बारसं असेल तर सांगा, नाटकाची तारीख सांगा. नुसता धोक्याचा भोंगा लावाल तर चार दिवसांत लोक त्याला कंटाळतील, आणि पाचव्या दिवशी कुणीतरी त्याची वायर काढून नेईल.

मघाशी एका गुरुजींनी चिठ्ठी पाठवली आहे: आवाजाच्या नियमाचं काय? नियम रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतचा आहे. वीज येते तीन ते सातमध्ये, म्हणून म्हणालो होतो वेळ लक्षात ठेवा. बाकी परवानगी लागते ती ग्रामपंचायत काढेल. गाणी वाजवायची तीही बेताने, शाळेच्या वेळात गाणी बंद.

दुसरी चिठ्ठी बचतगटाच्या ताईंची आहे, आणि ती जास्त कामाची आहे: रोज खोटा इशारा झाला तर मजुरी बुडेल, ती कोण देणार? याचं उत्तर माझ्या दुकानात नाही. चाळीस किलोमीटरवर वीज पडली म्हणून भोंगा वाजवायचा नाही, वीसच्या आत आली तरच वाजवायचा, एवढं मी करू शकतो. त्याने खोटे इशारे बरेच कमी होतील. अर्ध्या तासाचा खाडा पडला तर मजुरी कापायची नाही, हे शेतमालकांनी रोवणीच्या आधी बसून ठरवलं पाहिजे. ताई, ती बैठक तुम्ही बोलवा. मी येतो.

भोंगा मी स्वतः चढून बसवून देईन, त्याचे पैसे नकोत. आपल्याकडे भोंग्याचं तोंड नेहमी चौकाकडे, पानठेल्याकडे असतं, आणि तिथल्या लोकांच्या डोक्यावर छप्पर आहे. हा भोंगा तळ्याच्या पारीवरून खालच्या बांध्यांकडे तोंड करून लावायचा आहे. सरपंच, शिडी तेवढी तुमची.