हाडं लांब होतात ती कुठून?

नमस्कार श्रोतेहो.

हाड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शाळेच्या प्रयोगशाळेतला सापळा येतो. पांढरा, कोरडा, हुकाला टांगलेला. या सापळ्यानं मुलांच्या समजुतीचं बरंच नुकसान केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. २०६ हा आकडा पाठ होतो, नावं पाठ होतात, आणि हाड म्हणजे निर्जीव टेकू ही कल्पना जन्मभर चिकटून बसते. प्रत्यक्षात शरीरातलं हाड ओलसर असतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. कापलं तर त्यातून रक्त येतं. हाड जिवंत आहे, श्रोतेहो, हे आधी मनात पक्कं करा.

घडण थोडक्यात सांगतो. कोरड्या हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश क्षार असतात, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरसचे. उरलेला भाग बहुतांशी कोलॅजन, म्हणजे चिवट तंतू. क्षारांमुळे हाड कडक, तंतूंमुळे चिवट. कोंबडीचं पातळ हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवा. क्षार विरघळतात, आकार तसाच राहतो, पण हाड रबरासारखं वाकतं. उलट हाड भाजून त्यातले तंतू जाळले, तर ते बोटांच्या दाबानं चुरतं. दोन्ही हवेत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण हाड जिवंत आहे हे माणसाला कळलं ते एका जेवणाच्या टेबलावर.

साल साधारण १७३६, गाव लंडन. जॉन बेल्चियर नावाचे शल्यचिकित्सक एका कापड छापणाऱ्या गृहस्थाकडे जेवायला गेले होते. पानात डुकराचं मांस होतं. मांस नेहमीसारखंच, पण आतलं हाड लाल! दुसऱ्या कुणी ते बाजूला सारलं असतं. बेल्चियरनी यजमानाला विचारलं. उलगडा असा झाला की त्यांच्या कारखान्यात मॅडरच्या मुळांनी कापड रंगवत. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली वनस्पती. कापडावरचा जादा रंग काढायला ते कोंडा घातलेल्या पाण्यात उकळत, आणि तो रंग प्यालेला कोंडा डुकरांना खायला घालत. बेल्चियरनी मग मुद्दाम कोंबड्याच्या खाण्यात मॅडरची पूड मिसळून पाहिली. त्याचीही हाडं लाल झाली.

ही बातमी फ्रान्समध्ये दुहामेल द्यू मॉन्सोपर्यंत पोचली. हे गृहस्थ झाडाझुडपांचे अभ्यासक. त्यांनी जनावरांना काही दिवस मॅडर दिलं, मग बंद केलं, मग पुन्हा दिलं. हाड आडवं कापलं, तर आत लाल आणि पांढरे थर एकाआड एक! जेव्हा रंग पोटात जात होता, तेव्हा बनलेला थर लाल. नव्हता, तेव्हाचा पांढरा. म्हणजे रंग बसतो तो नव्यानं घडणाऱ्या हाडात. क्षार बसत असताना रंग कॅल्शियमला धरून राहतो. दुहामेल म्हणाले, सालीखाली झाडाचं खोड जाड होतं, तसं हाडावरच्या पातळ आवरणाखाली हाड जाड होतं. पुढे त्यांनी वाढत्या हाडाभोवती चांदीचं कडं बसवलं. काही काळानं पाहिलं तर कडं हाडाच्या आत, मज्जेच्या पोकळीत पोचलेलं! कडं जागचं हललं नव्हतं. बाहेरून नवं हाड चढत गेलं आणि आतून जुनं झिजत गेलं.

हे झालं जाडीचं. लांबीचं काय? त्याचं उत्तर आधीच, १७२७ मध्ये, स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानं शोधलं होतं. त्यानं कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला दोन बारीक भोकं पाडली. पिल्लू वाढलं, हाड लांब झालं, पण दोन भोकांमधलं अंतर तेवढंच राहिलं. पुढे जॉन हंटर या शल्यचिकित्सकानं हाडात शिशाचे छर्रे बसवून हेच पडताळलं. म्हणजे लांब हाड मधून ताणलं जात नाही. ते टोकांशी वाढतं. पुन्हा सांगतो, टोकांशी.

टोकाशी कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीची पातळ चकती असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढपट्टी म्हणू. तिच्यात कूर्चेच्या पेशी एकावर एक रचत जातात, फुगतात, त्यांच्याभोवती क्षार बसतात आणि मग त्यांची जागा हाड घेतं. वयात येताना संप्रेरकांमुळे उंची झपाट्यानं वाढते, आणि त्यांच्यामुळेच शेवटी ही पट्टी बुजते. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ वर्षांच्या सुमारास, मुलांमध्ये १६ ते १८ च्या. पट्टी बुजल्यावर उंची वाढवण्याची पावडर विकणारे पालकांची शुद्ध फसवणूक करतात, आणि याचा मला मनापासून राग आहे.

उंची थांबली तरी ते चांदीचं कडं आत नेणारं काम थांबत नाही. हाड खाणाऱ्या पेशी जुना भाग काही आठवड्यांत उकरतात, हाड घडवणाऱ्या पेशी तो खड्डा काही महिन्यांत भरतात. मोठ्या माणसाचा साधारण दहावा हिस्सा सांगाडा दरवर्षी असा नवा होतो. भार पडेल तिथे भर, भार नाही तिथे झीज. अवकाशवीरांच्या कमरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, ती याचमुळे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियमही हाडांतच असतं, आणि रक्तात कमी पडलं की हाडातून काढलं जातं.

बेल्चियरचा लाल रंग आजही वेगळ्या रूपात कामी येतो. टेट्रासायक्लिन हे औषधही नव्या हाडात असंच बसतं. काही दिवसांच्या अंतरानं ते दोनदा देऊन हाडाचा तुकडा अतिनील प्रकाशात पाहिला, तर दोन चमकत्या रेघा दिसतात. त्यांच्यातलं अंतर मोजून हाड किती वेगानं बनतंय ते काढतात. मुलांच्या घडणाऱ्या दातांतही ते बसतं आणि दात पिवळे-तपकिरी पडतात. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना ते सहसा देत नाहीत.

आता पालकांनी लक्षात ठेवायचं ते. वाढत्या वयात सांध्याजवळची वाढपट्टी तिथल्या अस्थिबंधांपेक्षा, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांपेक्षा, नाजूक असते. ज्या पडण्यानं मोठ्या माणसाचा पाय मुरगळेल, त्याच पडण्यानं मुलाची वाढपट्टी तुटू शकते. आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. तेव्हा फोटो चांगला आला, तरी हाडाच्या टोकाशी बोट दाबल्यावर नेमकं दुखत असेल, मूल पाय टेकत नसेल, तर चोळू नका. आधार बांधा, पाय हलवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते गरज पडली तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात, कारण तोवर भरून येणारं नवं हाड दिसू लागतं. वाढपट्टीला इजा झालीच असेल, तर दुखणं थांबलं म्हणून पुढच्या तपासण्या टाळू नका. पट्टी एका बाजूनं बुजली तर हाड वाकडं वाढतं, पूर्ण बुजली तर आखूड राहतं, आणि हे कळायला सहा महिने ते वर्षही लागतं. त्या भेटीत दोन्ही पायांची लांबी मोजून घ्या.