पाऊस पडला तर

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: कुर्ला पश्चिम, जुलैची रात्र. ओली गल्ली, पत्र्यांवर पावसाचा आवाज.)

रात्रीचे साडेआठ वाजलेत. मिठी इथून चालत पाच मिनिटांवर आहे. दिसत नाही, पण वारा फिरला की कुठल्या बाजूला आहे ते कळतं. तिला आम्ही नदी म्हणायला लागलो ते २००५च्या पुरानंतर. त्याआधी तो नाला होता. मी इथेच वाढलो; ‘नाल्याच्या अलीकडे राहतो’ एवढा पत्ता पुरायचा.

(दृश्य: गणेशोत्सव मंडळाची खोली. भिंतीला टेकवलेला फळा, जमिनीवर सतरंजी.)

हे मंडळाचं ऑफिस. दहा बाय बाराची खोली, त्यात अर्धी जागा ढोल-ताशांनी आणि आरासीच्या सामानाने खाल्लेली. कोपऱ्यात थर्माकोलचं एक मखर आहे. २०१८च्या बंदीच्या आधीचं. वापरता येत नाही, टाकायचं कुठे ते कुणाला माहीत नाही, म्हणून आहे तिथेच आहे.

आठवड्यातून तीन रात्री इथे इंग्रजीचा क्लास भरतो. बाई निवृत्त शिक्षिका आहेत. फी घेत नाहीत. वही मात्र आपापली आणायची, आणि ती पाठकोऱ्या कागदांची असेल तर बाई जास्त खूश. विद्यार्थी अकरा. पवईत दोन घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी. एका सोसायटीत वॉचमन असलेले दादा. कुरियरवाला मुलगा. अकरावीतली एक मुलगी, जिला इंग्रजी येतं पण बोलायचं म्हटलं की घसा बसतो. बाकीचे पावसाच्या मर्जीने.

बाईंनी आधी पुस्तकातूनच शिकवून पाहिलं. ‘इफ आय वेअर अ किंग.’ ‘इफ आय विन अ लॉटरी.’ मावशी दोन दिवस गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘बाई, राजा मी काही होत नाही आणि लॉटरी मी काढत नाही. उद्या पाऊस झाला आणि मी पोचले नाही, तर मॅडमला फोनवर काय बोलू ते सांगा.’

त्या दिवसापासून या फळ्यावर पाऊस आहे, पाणी आहे आणि कचरा आहे.

(दृश्य: वहीवर पेन्सिल. अक्षर मोठं, सावकाश.)

मावशींनी लिहिलेलं पहिलं वाक्य: ‘इफ रेन फेल, आय विल नॉट कम.’

चूक आहे, पण बिनडोक चूक नाही. आपण म्हणतो, ‘पाऊस पडला तर मी येणार नाही.’ पडला. रूप भूतकाळाचं, गोष्ट उद्याची. मावशींनी मराठी इमानेइतबारे इंग्रजीत नेली, तर इंग्रजी फिसकटली. वॉचमन दादांनी दुसरा रस्ता धरला. उद्याची गोष्ट आहे ना, मग ‘इफ इट विल रेन’. तेही नाही. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘रेन्स’, साधा वर्तमान. ‘विल’ फक्त पलीकडच्या बाजूला. ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट कम.’ जे अजून घडलेलंच नाही त्याला मराठीने भूतकाळाचा सदरा चढवायचा आणि इंग्रजीने वर्तमानाचा. ज्याची त्याची खोड.

दादांना हसायचा अधिकार मला नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी ‘इफ आय विल गेट धिस जॉब’ अशी सुरुवात केली होती. समोरच्यांनी पाणी दिलं, नोकरी दिली नाही.

(दृश्य: वर्तमानपत्रातला तलावांच्या साठ्याचा तक्ता. मावशींचं बोट ओळीवरून फिरतंय.)

जून-जुलैत मुंबईत लोक एक तक्ता वाचतात. शहराला पाणी देणारे सात तलाव आणि त्यांतला साठा. बाई तो कापून आणतात. ‘इफ द लेक्स डोन्ट फिल, देअर विल बी अ वॉटर कट.’ पाणीकपात म्हणजे काय, हे या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सातांपैकी विहार आणि तुळशी शहरातच आहेत, बोरिवलीच्या जंगलात. विहार भरून वाहिला की ते पाणी मिठीत उतरतं. दर वेळी. हा नियम झाला, अंदाज नव्हे. म्हणून इथे ‘विल’ नको: ‘इफ विहार ओव्हरफ्लोज, द वॉटर कम्स टू मिठी.’ दोन्हीकडे साधा वर्तमान. ‘विहार भरला’ ही बातमी अख्खी मुंबई आनंदाने वाचते. या गल्लीत ती वाचून माणसं खाटेखालचं सामान वर घेतात.

(दृश्य: सकाळ. सोसायटीचं गेट, हिरवा डबा, निळा डबा.)

शब्द या लोकांकडे आधीपासूनच भरपूर आहेत. फक्त ते मुंबईत मुरलेले आहेत.

दादा दिवसभर म्हणतात, ‘गेटसमोर डेब्रिज टाकू नका.’ तोडफोडीचा राडारोडा म्हणजे डेब्रिज. मुंबईत कुठल्याही बिल्डरला, गाडीवाल्याला विचारा. बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला आणि वाचला, ‘डेब्री’. शेवटचा एस मुका. दादा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘एस आहे ना पण?’ दुसऱ्या दिवशी गेटवर ते पुन्हा डेब्रिजच म्हणाले, आणि बरोबर केलं. डेब्री म्हटलं असतं तर डम्परवाल्याला कळलंच नसतं.

‘ड्रेनेज तुंबलं’ हे आपलं वाक्य. आपल्याकडे ड्रेनेज म्हणजे खुद्द गटाराचा पाइप. इंग्रजीत तुंबतो तो ‘ड्रेन’. ‘ड्रेनेज’ म्हणजे पाणी वाहून जाण्याची सगळी व्यवस्था. आणि ‘यूज अँड थ्रो’! हा आपल्याकडचा लाडका शब्द. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी त्याला ‘डिस्पोजेबल’ किंवा ‘सिंगल-यूज’ म्हणतात. कॉलिन्स शब्दकोशाने २०१८ साली ‘सिंगल-यूज’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. त्याच वर्षी २३ मार्चला महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. इथे मासळीवाली पिशवी द्यायला नाही म्हणत होती तेव्हा तिकडे त्या पिशवीच्या विशेषणाचा सत्कार चालला होता.

‘अनलेस’ला दोन रात्री गेल्या. ‘अनलेस यू डोन्ट सेग्रिगेट’ असं सगळ्यांनी लिहिलं, कारण नकार दोनदा लावल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. ‘अनलेस यू सेग्रिगेट, दे वोन्ट टेक इट.’ ओला-सुका वेगळा केल्याशिवाय नेणार नाहीत. ‘केल्याशिवाय’ म्हटल्यावर दादांना पटकन समजलं.

(दृश्य: फळ्यावर मराठी वाक्य. खडूचा आवाज.)

मग एका रात्री बाईंनी फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं. ‘मिठी स्वच्छ असती तर पोरं पोहली असती.’ म्हणाल्या, करा इंग्रजी.

अकरावीतल्या मुलीने लिहिलं, ‘इफ मिठी वेअर क्लीन, द चिल्ड्रन वुड स्विम.’

कुरियरवाल्याने लिहिलं, ‘इफ मिठी हॅड बीन क्लीन, द चिल्ड्रन वुड हॅव स्वॅम.’

बाईंनी ‘स्वॅम’चं ‘स्वम’ केलं आणि दोघांनाही बरोबर म्हणाल्या. खोलीत गोंधळ. एकाच वाक्याची दोन उत्तरं कशी?

क्लास सुटल्यावरही हे माझ्या डोक्यात राहिलं. ‘असती तर असती’ हा संकेतार्थ आपण जन्मभर वापरतो. पैसे असते तर घेतलं असतं. आज नाहीत की तेव्हा नव्हते, ते मराठी सांगत नाही. ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. इंग्रजी तेवढी सवलत देत नाही. तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं: तू आजबद्दल बोलतोयस की जे होऊन गेलं त्याबद्दल? मुलीचं वाक्य आजच्या पोरांचं आहे. नदी स्वच्छ नाही, पण पोरं आहेत, काठावर उभी आहेत. कुरियरवाल्याचं वाक्य ज्या पोरांचं आहे ती मोठी होऊन बाइक चालवतात.

‘मी माझ्याबद्दलच लिहिलं होतं,’ तो नंतर चहा पिताना म्हणाला.

(दृश्य: मिठीचा पूल. दूर बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती. आवाज फक्त पाण्याचा.)

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. शहराची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असेल तर. मिठीला विमानतळाच्या धावपट्टीपाशी वळणं घ्यायला लावलेली. माहीमच्या खाडीला मिळण्याआधी ती जिथे पसरायची त्या खाजणावर भराव घालून आज बीकेसी उभं आहे.

क्लासात या पुरावर वाक्यं केली त्या रात्री फळ्यावर ‘हॅड नॉट’ आणि ‘वुड हॅव’ यांचाच पाऊस. तिवरं तोडली नसती तर. भराव टाकला नसता तर. कुरियरवाल्याने लिहिलं, ‘...कुर्ला वुड नॉट हॅव फ्लडेड.’ बाईंनी ‘वुड’खाली रेघ मारली. व्याकरण बिनचूक होतं, तरी रेघ. म्हणाल्या, ‘इतका पाऊस पडल्यावर पाणी भरलंच असतं रे. एवढं चढलं नसतं, असं फार तर म्हण. तेही कदाचित.’ आणि लिहिलं, ‘माइट नॉट हॅव रिझन सो हाय.’ पाठ्यपुस्तकात ‘माइट’ला अर्धी ओळ असते. टीव्हीवरच्या निम्म्या चर्चा त्या अर्ध्या ओळीवाचून चालतात, हे माझं मत.

मावशी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी पाठकोरा कागद पुढे सरकवला.

(दृश्य: कागद, जवळून.)

‘इफ आय हॅड केप्ट द ट्रंक ऑन द माळा, माय मार्कशीट वुड हॅव सर्व्हाइव्हड.’

त्यांची दहावीची गुणपत्रिका. गावाहून लग्न होऊन येताना आणलेली, लुगड्याच्या घडीत, पत्र्याच्या ट्रंकेत, खाटेखाली. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा कागद लुगड्याला चिकटला होता आणि शाईचा निळा डाग कापडावर उतरला होता. ते लुगडं त्यांनी अजून ठेवलंय. मराठीत किती मार्क होते ते डागावरून वाचता येतं, असं त्या सांगतात. आम्हाला काही वाचता आलं नाही.

‘ट्रंकेचा काय दोष, मावशी?’ दादा म्हणाले. ‘वाक्यात ट्रंक कशाला? गटार टाका.’

‘गटार माझ्या हातात नव्हतं. ट्रंक होती.’

बाईंनी ‘माळा’चं ‘लॉफ्ट’ केलं नाही.

(दृश्य: पहाट. गल्लीत घोटाभर पाणी. मावशी उंबऱ्यावर, कानाला फोन.)

‘हॅलो मॅडम, गुड मॉर्निंग. हेवी रेन हिअर. इफ द बस कम्स, आय विल कम बाय टेन. इफ इट रेन्स लाइक धिस, आय विल नॉट कम. ओके मॅडम.’

फोन ठेवून त्यांनी आमच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

‘रेन्स म्हणाले ना मी? बाईंना दाखवा हे. फेल नाही म्हटलं.’