आधी क्षितिज

(दृश्य: इंदूर, रामबाग. पहाटेची गच्ची. फरशीवर खडूने काढलेली लांबट रेघ.)

ही रेघ जरा नीट बघा. दोन बाजू सरळ, दोन्ही टोकं अर्धगोल. एका टोकाला तुळशीवृंदावन. रामबागेतल्या या गच्चीवर रोज पहाटे साडेपाचला एअरलाइनच्या परीक्षेची तयारी करणारी एक वैमानिक मुलगी स्टॉपवॉच घेऊन या रेघेवरून चालते. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण. चार मिनिटांत एक फेरी.

वैमानिक याला होल्ड म्हणतात. उतरायला धावपट्टी मोकळी नसली की विमानाला एखाद्या रेडिओ केंद्रापाशी असंच फिरत ठेवतात. १४ हजार फुटांपर्यंत सरळ बाजू एका मिनिटाची. वळण सेकंदाला ३ अंशांचं, त्यामुळे अर्धं वळणही बरोबर एका मिनिटात पुरं होतं. वळणं सहसा उजवीकडे, प्रदक्षिणेसारखी. प्रदक्षिणेत तुळस मधोमध असते, इथे ती टोकाला. तुळस म्हणजे व्हीओआर, दिशा सांगणारं जमिनीवरचं केंद्र.

धाकटा भाऊ कठड्याला टेकून वारा सांगतो. "ताई, पश्चिमेचा, २० नॉट!" नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. लगेच तिची पावलं तिरकी पडतात. केंद्राकडे येताना वाऱ्यासाठी जितके अंश नाक वळवायचं, त्याच्या जवळपास तिप्पट केंद्रापासून दूर जाताना वळवायचं, कारण वळणांमध्ये वारा विमानाला ढकलत असतो आणि तिथे सावरून घेता येत नाही. हे गणित पुस्तकात चार ओळींचं आहे. पायात उतरायला तिला नऊ दिवस लागले.

आजी म्हणते, "अगं, तुळशीला पाय लागेल."

"नाही गं आजी, वरूनच जाते."

(दृश्य: घराचं दार. गाडी उभी करायची रिकामी जागा. मग बिजासन टेकडीच्या पायऱ्या, वरून दिसणारी धावपट्टी.)

तिच्याकडे कमर्शियल पायलटचं लायसन्स आहे. विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं असलेल्या डीजीसीएला लागणारे २०० तास तिने पुरे केले, त्यातले बहुतेक छोट्या सेस्ना विमानावर. दारातल्या या जागेत गाडी असायची. ती कुठे गेली, हे वेगळं सांगायला नको.

आता एका एअरलाइनची सिम्युलेटरवरची, म्हणजे जमिनीवरच विमान उडवल्याचा अनुभव देणाऱ्या यंत्रावरची परीक्षा. हातात २१ दिवस.

बिजासनच्या देवळातून विमानतळ असा तळहातासारखा दिसतो. १९३५ साली होळकर संस्थानाने इथे धावपट्टी करायचं ठरवलं, तेव्हा जागेसाठी सल्ला घेतला टाटांच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांचा. १९३२ मध्ये जेआरडींनी कराचीहून मुंबईला विमानाने टपाल आणलं, आणि तेच टपाल पुढे मद्रासला नेणारे वैमानिक हेच व्हिन्सेंट. म्हणजे या माळावर जागा बघायला आलेला माणूस हाताने विमान उडवणारा होता. होकायंत्र, घड्याळ, मांडीवरचा नकाशा. ही मुलगी २१ दिवसांत जे कमवू बघते आहे, ते फार वेगळं नाही.

(दृश्य: आतली खोली. लोखंडी कपाटाच्या दारावर चिकटवलेलं कॉकपिटचं पोस्टर. समोर खुर्ची. स्टुलावर पत्र्याचा डबा, त्याला रबरबँडने बांधलेल्या दोन पळ्या.)

हे तिचं एअरबस ए-३२०, प्रवासी जेट. पोस्टर चार तुकड्यांत छापून जोडलेलं, जोड मधोमध इंजिनांच्या आकड्यांवरून गेला आहे. पळ्या म्हणजे दोन इंजिनांचे थ्रस्ट लिव्हर, ताकद कमीजास्त करणारे दांडे. त्या डाव्या हाताला का आहेत, ते बघण्यासारखं आहे. सेस्नात शिकणारा डावीकडे बसतो. डाव्या हातात योक, म्हणजे विमान वळवायचं चाक, उजव्यात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद. फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची खुर्ची उजवीकडची. तिथे साइडस्टिक, म्हणजे योकच्या जागी असलेली छोटी दांडी, उजव्या हाताला आणि इंजिनं डाव्या हाताला. २०० तासांची हातांची सवय उलटी करायची. म्हणून ती डोळे मिटून पळ्या पुढे सारते, मागे घेते, पुन्हा पुढे सारते.

हातात फूटपट्टी घेतलेले गृहस्थ निवृत्त कॅप्टन. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात. फूटपट्टीचं टोक पोस्टरवर फिरतं: क्षितिज, वेग. क्षितिज, उंची. क्षितिज, दिशा. दर वेळी पुन्हा क्षितिज. याला स्कॅन म्हणतात. गवई तान कितीही लांब घेवो, समेवर यावंच लागतं, नजरेचंही तसंच. नवशिक्याची नजर चुकलेल्या आकड्यावर चिकटते. उंची ८० फूट घसरली की तो उंचीच बघत बसतो, तेवढ्यात दिशा निसटते.

काकांच्या आवाजातला हा तुकडा आम्ही कापला नाही. "आकड्याच्या मागे धावू नकोस. नाक कुठे ठेवलंयस आणि ताकद किती दिलीयस, हे दोन ठरव. वेग आपोआप येतो."

परीक्षेत ऑटोपायलट बंद, इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रस्ट बंद, आणि पडद्यावर वाट दाखवणारी फ्लाइट डायरेक्टरची पट्टीही बंद. याला म्हणतात रॉ डेटा. उंची सहसा शंभर फुटांच्या आत, दिशा पाच अंशांच्या आत धरायची.

(दृश्य: कोपऱ्यातली आजोबांची पेटी. भात्याचा जवळून शॉट.)

भात्यावर कॅमेरा थोडा रेंगाळला आहे, त्याला कारण आहे. सिम्युलेटर जन्मला तो अशाच भात्यांतून. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानोंचा कारखाना होता. १९२९ साली लिंकनी ऑर्गनचे भाते लाकडी पेटाऱ्याखाली बसवले, त्यात खुर्ची आणि दांडा ठेवला. दांडा हलवला की हवा भरे, हवा सुटे आणि पेटारा विमानासारखा कलंडे. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतलं खेळणं मानलं. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचं काम आलं, ढगाधुक्यात वैमानिकांचे जीव गेले, तेव्हा सैन्याने अशी ६ यंत्रं विकत घेतली. आजचं सिम्युलेटर सहा यांत्रिक पायांवर डोलतं. पण ढगात डोळ्यांना काही दिसत नसताना काट्यांवर विश्वास ठेवायला शिकवायचं, हे काम तेच आहे.

(दृश्य: पुन्हा खुर्ची. खांदा एका बाजूला कललेला, हात थरथरत नाही.)

आता ४५ अंशांचं वळण. इतकं कललं की शरीराचं वजन जवळपास १.४ पट जाणवतं. ए-३२० मध्ये कल ३३ अंशांच्या पुढे गेला की विमान ट्रिम, म्हणजे नाकाचा वर-खाली तोल, स्वतःहून सांभाळत नाही, आणि स्टिक सोडली तर पुन्हा ३३ वर येतं. म्हणजे पूर्ण वळणभर स्टिक धरून ठेवायची, थोडी मागेही ओढायची. खुर्चीत हे वजन जाणवत नाही. म्हणून ती तोंडाने म्हणत राहते, "मागे... मागे... धर..." आणि ठरलेल्या दिशेच्या १५ अंश आधी, "सोड."

(दृश्य: स्वयंपाकघर. बाबा पोह्यांवर शेव घालताहेत.)

"जमिनीवरचा वेग १४०?"

"सातशे."

"१३०?"

"साडेसहाशे. बाबा, पाचने गुणायचं, कुठलाही विचारा."

धावपट्टीवर उतरण्याची वाट ३ अंशांची. नॉटमधल्या वेगाला पाचने गुणलं की मिनिटाला किती फूट खाली यायचं ते कळतं. सागरी मैलाला साधारण ३०० फूट, म्हणजे दहा मैलांवर विमान धावपट्टीच्या ३ हजार फूट वर हवं. बाबांना विमानातलं काही कळत नाही. पाचचा पाढा येतो, तेवढ्यावर ते रोज तिची परीक्षा घेतात.

हाताने उडवण्याचा एवढा आग्रह कशासाठी? १ जून २००९. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बंद झाल्या, ऑटोपायलट सुटला, नाक वर ओढलं गेलं आणि विमान स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांची उचल सुटली, ते सावरलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने एअरलाइन्सना सूचना काढली, की वैमानिकांना हाताने उडवायला लावा. आमचं म्हणणं सरळ आहे: ही सवय नोकरीआधी लागायला हवी, आणि ती लावायला महागड्या यंत्राची वाट बघत बसू नये. सिम्युलेटरचा तास पडताळणीसाठी ठेवावा. शिकणं कपाटासमोर होतं.

(दृश्य: रात्र. दोन खुर्च्या शेजारी. भाऊ डावीकडे बसला आहे.)

परीक्षक नुसतं विमान बघत नाही, शेजारच्याशी वागणंही बघतो. भाऊ मुद्दाम चुकीची उंची सांगतो. पहिल्या आठवड्यात ती त्याच्यावर चिडायची. आज ऐका. "शंभर फूट खाली आहे, दुरुस्त करते. तू दिशेवर लक्ष ठेव." मग तो ओरडतो, "धावपट्टी दिसत नाही!" दोन्ही पळ्या एका झटक्यात पुढे. "गो-अराउंड, फ्लॅप्स," ती म्हणते, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर, पंखांच्या झडपा थोड्या आत. "पॉझिटिव्ह क्लाइंब," भाऊ सांगतो, विमान चढतंय. "गिअर अप," ती म्हणते, चाकं आत. रेडिओवर बोलणं सर्वांत शेवटी. आधी विमान, मग दिशा, मग बोलणं.

(दृश्य: इंदूर स्टेशन. खिडकीतला हात. गाडी हलते.)

गुरुग्राममध्ये परीक्षा झाली त्या इमारतीत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. आतला तास तिचा तिलाच ठाऊक. होल्डमध्ये एकदा दिशा सुटली, आयएलएस, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यांवर धावपट्टीकडे उतरणं, सरळ झालं, एवढं तिने फोनवर सांगितलं. सोळा दिवसांनी निकाल आला. ती निवडली गेली.

(दृश्य: पळ्या पुन्हा स्वयंपाकघरात, खुंटीला. कपाटाचं दार उघडं, पोस्टर नाही.)

पोस्टर देवासचा एक मुलगा रविवारी येऊन घेऊन गेला. त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. गुंडाळी मोटरसायकलच्या मागे बांधताना तो काकांना विचारतो, "इंजिनांचे आकडे नीट दिसत नाहीत हो, जोडावर आलेत."

काका फूटपट्टी त्याच्या हातात देतात. "ते नंतर बघ. आधी क्षितिज."